वेडेपणाचा सातबारा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या डोंगरात, शेती करणे हा आजवर वेडेपणाच ठरत आला आहे. मृदाशास्त्राचे कोष्टक म्हणते, एवढ्या उतारावर नांगर घालू नये. महसुलाचे दप्तर म्हणते, इथे शेतच नाही. वनखात्याचा नकाशा म्हणतो, हे जंगल आहे. आणि दर पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी मोर आणि बर्टी ही बारीक धान्ये, ज्वारी, मका, तूर, उडीद उगवून येतात. तीन कोष्टके एकीकडे आणि एक उभे पीक दुसरीकडे असेल, तर मी पिकाच्या बाजूला उभा राहीन. हा लेख त्या पिकामागच्या वेडेपणाच्या स्तुतीसाठी आहे, आणि ही स्तुती मनापासून केलेली आहे.

वेडेपणाची थोरवी कळायला आधी शहाणपण नीट समजून घ्यावे लागते. आपल्याकडचे जमीन-प्रतवारीचे शहाणपण इंदापुरात आकाराला आले. 1820 च्या दशकाअखेर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली आकारणी फसली, शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. 1847 च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला पक्के रूप दिले. जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पावणेदोन हात खोल, एकजीव, काळीभोर माती म्हणजे सोळा आणे. तिथून पायरीपायरीने खाली येत शेवटची प्रत दोन आण्यांची. मातीत चुनखडीचे खडे असले, वाळू मिसळलेली असली, पाणी मुरत नसले, झरे फुटून ओल जास्त राहत असली, तर वर्गकारकून त्या शेताच्या आकृतीत दोषाचे चिन्ह काढी आणि एकेका चिन्हागणिक शेत एकेक प्रत खाली उतरे.

या दोषांच्या यादीत एक दोष होता उताराचा.

इंदापूरच्या माळावर बसून विचार केला, तर हे बरोबरच आहे. सपाट मुलुखात एखादे शेत कललेले असेल, तर त्यातली माती शेजाऱ्याच्या शेतात जाणार. पण हीच पट्टी सातपुड्याला लावली की सगळा तालुकाच सदोष ठरतो. तिथे उतार हा शेताचा दोष नाही, शेत जिथे आहे ती जागाच तशी आहे. खानदेशात ही मोजणी आली तेव्हा 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी विरोधात हजारोंनी जमले होते आणि सरकारला फौज पाठवावी लागली होती. तापी खोऱ्यातल्या त्या गावांची जमीन तर सपाट, काळी, कसदार. त्यांनाही मोजणी आली की सारा येतो, हे ठाऊक होते. अक्राणीच्या डोंगरातली बरीच गावे मात्र मोजणीच्या साखळीबाहेरच राहिली. पुढे राखीव जंगलांचा कायदा आला आणि न मोजलेला हा मुलुख शेत म्हणून नोंदवला जाण्याआधी जंगल म्हणून नोंदवला गेला. अक्राणी आणि अक्कलकुवा भागातल्या त्र्याहत्तर गावांची ओळख कितीतरी काळ ‘वनगाव’ एवढीच होती. माणसे राहत होती, गुरे चरत होती, होळ्या पेटत होत्या, आणि तरी दप्तराच्या लेखी ते गाव जंगलाच्या पोटात होते.

शहाणपण तिथे थांबले नाही. स्वातंत्र्यानंतर देशातल्या जमिनीच्या वापराची आकडेवारी नऊ वर्गांत मांडली जाऊ लागली: वनाखालील क्षेत्र, बिगरशेती वापराखालील क्षेत्र, ओसाड व मशागतीस अयोग्य, कायम कुरणे, किरकोळ झाडझाडोरा, मशागतयोग्य पडीक, चालू पड, इतर पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र. एका जागेला एकच वर्ग, ही त्यातली अट. शिवाय अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने घडवलेली आठ वर्गांची क्षमता-वर्गवारी आपल्या कृषिखात्यांनी आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने स्वीकारली. त्यात पहिले चार वर्ग नांगराचे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत गवत, झाडे आणि वन्यजीवन. उतार, खोली, धूप आणि ओल पाहून वर्ग ठरतो. धडगावच्या कितीतरी शेतांची जागा या पट्टीवर सहाव्या-सातव्या वर्गात येईल, म्हणजे तिथे पेरूच नये.

आता वेड्यांकडे वळू.

त्यांचा पहिला वेडेपणा असा की, माती जशी आहे तशी ते मान्य करत नाहीत. प्रतवारीचे शास्त्र माती मोजते. हे लोक माती जमवतात. ओघळीत दगड रचायचे, पावसाच्या पाण्याबरोबर आलेला गाळ त्यामागे अडवायचा, पुढच्या वर्षी दगडांचा आणखी एक थर चढवायचा. काही वर्षांनी ओघळीच्या जागी हातभर रुंदीची, मग बैल वळेल एवढी पट्टी तयार होते. हे काम एका घराचे नव्हे. नर्मदाकाठच्या डोंगरात एकमेकांच्या शेतावर जाऊन राबायची ‘लाहा’ची रीत आहे, मजुरी नाही, ज्याच्या शेतावर काम त्याच्याकडे त्या दिवशी जेवण. आज माझा बांध, उद्या तुझा. ज्या जागेवर एका पिढीपूर्वी कोणी साखळी धरून गेला असता, तर त्याला नुसता खडक दिसला असता, तिथे आज तूर उभी असते. कोष्टकात जमिनीची प्रत एकदा लिहिली की पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. जमिनीला मात्र आपली प्रत लिहून झाली आहे, हे कळत नाही. ती सुधारत जाते, कारण कोणी तरी सतत दगड वाहत असते.

दुसरा वेडेपणा पेरणीतला. सपाटीवरचा शहाणा शेतकरी एका शेतात एक पीक घेतो. शहाद्याकडे ऊस, केळी, पपई, नंदुरबारच्या आसपास मिरची. त्या मिरचीने नंदुरबारच्या बाजाराचे नाव देशभर नेले आहे आणि त्या शहाणपणाचा मान कमी करण्याचा माझा हेतू नाही. डोंगरातला माणूस मात्र एकाच तुकड्यात ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी असे मिळून पेरतो. पाऊस लवकर गेला तर एक पीक हाती लागते, उशिरा आला तर दुसरे, आणि दोन्ही वेळा बरा आला तर सगळीच. कडधान्याची मुळे जमिनीला नत्र देतात, पसरणारी वेल उघड्या मातीला झाकते, उंच ताटे त्या वेलीला आधार देतात. उतारावरच्या मातीला याहून चांगले पांघरूण नाही.

एवढी मिसळ कागदावर कशी मांडणार, असे कोणी विचारील. कागद त्याला तयार होता! गाव नमुना बाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागाची, जुनी आखणी उघडून पाहावी. त्यात ‘मिश्र पिकांखालील क्षेत्र’ असा रकाना होता, ‘मिश्रणाचा संकेतांक’ लिहायला जागा होती, आणि पुढे घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र यांनाही स्वतंत्र रकाने होते. ‘निर्भेळ पीक’ त्यानंतर येई. ज्या कोणी हा नमुना आखला, त्याने मिसळीला आधी मान दिला होता. त्याला शेत ठाऊक होते. रकाने रिकामे राहिले, ते आखणाऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे. भरणाऱ्याने बांधावर जायचे ठरवले की ते भरता येत. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र पाठवायची सोय झाली. ही चांगली गोष्ट आहे. मात्र जिथे मोबाइलला संपर्क मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते आणि पीक दरीत असते, तिथे पाहणीसाठी माणसाचे पायच लागणार, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरा वेडेपणा झाडांचा. शेत म्हणजे मोकळी जमीन आणि जंगल म्हणजे झाडी, अशी शहाणी वाटणी आहे. सातपुड्यातला शेतकरी शेतातला महू, म्हणजे मोह, तोडत नाही, आंबा तोडत नाही. महूच्या फुलांनी उन्हाळ्यात घर चालते. महूच्या टोळीतून, म्हणजे बीमधून, तेल निघते. कैऱ्या सोलून, वाळवून केलेला आमचूर धडगाव आणि अक्कलकुव्याच्या बाजारात येतो आणि तिथून दूरवर जातो. ज्या महिन्यांत पेरणी नसते आणि कोठी रिकामी होत आलेली असते, त्याच महिन्यांत ही झाडे पैसा देतात. नऊ वर्गांच्या आकडेवारीत शेतातल्या एकट्या झाडाला जागा नाही. ‘किरकोळ झाडझाडोरा’ हा वर्ग पेरणी क्षेत्राबाहेरच्या झाडीसाठी आहे. म्हणून झाडाखालची ज्वारी मोजली जाते आणि ज्वारीवरचे झाड सुटते, किंवा झाड मोजले जाते आणि ज्वारीला अतिक्रमण म्हटले जाते. शेतकरी दोन्ही ठेवतो. त्याच्या वेडेपणाला या जागेचा वापर एक नाही, हे दिसलेले असते, आणि माझ्या मते जमिनीच्या वापराबद्दलचे यापेक्षा अचूक निरीक्षण कोणत्याही अहवालात नाही.

चौथा वेडेपणा सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्यापुढे मी मनापासून नमतो. हे लोक तिथून गेले नाहीत. जंगलातली जमीन काही ठिकाणी ‘एकसाली’ने मिळे, म्हणजे एका वर्षापुरती. बाप एका वर्षाच्या हक्कावर पेरी, मुलगा एका वर्षाच्या हक्कावर पेरी, नातूही. जिथे तोही हक्क नव्हता तिथे दंड होई. ज्याने दंड भरला आणि पावती जपली, त्याच्या घरात नकळत जमिनीचा पुरावा जमत गेला. पुढे हक्क सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा या दंडाच्या पावत्या कामाला आल्या. ज्याला पावती मिळाली नाही, त्याचे शेत तेवढेच जुने असूनही मुके राहिले. हा अन्याय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 1991 मध्ये न्यायालयाने सांगितले की कागद नसेल तर इतर पुरावाही, तोंडी पुरावासुद्धा, तपासला पाहिजे. त्याआधी 1970 च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांनी शहादा-तळोद्याच्या आदिवासींना जमिनीच्या प्रश्नावर उभे केले होते. हा वेडेपणा एकट्यादुकट्याचा राहिला नाही, तो संघटित झाला.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याचे नियम वाचताना मला पहिल्यांदा वाटले की राज्याच्या शहाणपणाने वेड्यांचे ऐकले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरच्या मर्यादेत हक्क मिळू शकतो, आणि पुरावा म्हणून काय चालते ते पाहा: जमिनीचे केलेले सपाटीकरण, घातलेले बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले म्हणणे. ज्या दगडांना प्रतवारीच्या कारकुनाने खडक म्हणून सोडून दिले असते, ते दगड आता साक्षीदार झाले. ज्या म्हाताऱ्याला सही येत नाही, त्याच्या आठवणीला नकाशाइतके वजन आले. आणि दाव्याची पहिली सुनावणी होते ग्रामसभेत, म्हणजे शेजारी आणि भाऊबंद यांच्यासमोर, जिथे कोणाचे शेत कुठे संपते हे पोराटोरांनाही ठाऊक असते.

जमिनीचा वर्ग बदलणे अवघड असते, असे वेड्यांना नेहमी सांगितले जाते. नंदुरबारच्याच इतिहासाने ते खोटे ठरवले आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे जाणार होती: अक्कलकुव्यातली नऊ, अक्राणीतली चोवीस. मणिबेली त्यांतले पहिले. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचे राखीव जंगल मोकळे करण्यात आले. 1990 मध्ये 2,700 हेक्टर आणि 1994 मध्ये आणखी 1,500. एका आदेशाने जंगलाचे शेत झाले. त्याच काळात डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या पेरलेली शेते जंगलच राहिली, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांना आपल्या बुडणाऱ्या जमिनीचे आपण धनी आहोत हे सिद्ध करत फिरावे लागले. यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो: जमिनीचा वर्ग ठरवणे हा निसर्गाचा निवाडा नाही, माणसांनी घेतलेला निर्णय आहे. जो निर्णय धरणासाठी एका वर्षात बदलता येतो, तो धान्यासाठीही बदलता येतो.

सपाटीवरही हा वेडेपणा नांदतो, फक्त तिथे त्याचे नाव पोटखराब. मोजणीच्या वेळी शेतातला जो भाग लागवडीला नालायक दिसला, तो पोटखराब वर्ग ‘अ’. रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाखालचा भाग वर्ग ‘ब’. वर्ग ‘अ’ला आकार नव्हता. शेतकऱ्यांनी त्यातले दगड वेचले, गाळ टाकला, सपाटी केली, पीक काढले, आणि तरी कर्ज देताना ते क्षेत्र हिशेबात धरत नसत, विमा उतरवताना धरत नसत. आजोबाच्या काळातला खडक नातवाच्या काळातही खडकच. 2018 मध्ये शासनाने नियम बदलला आणि लागवडीखाली आणलेले वर्ग ‘अ’ क्षेत्र लागवडयोग्य म्हणून नोंदवायला वाट दिली. स्वतःच्या शेतातला खडक फोडणाऱ्याने मागितले काय, तर आकार लावा, सारा घ्या, पण हे शेत आहे एवढे लिहा. सारा मागून घेणारा शेतकरी, हा तर वेडेपणाचा कळसच. 1852 मध्ये ज्या मोजणीविरुद्ध खानदेश उठला, तीच मोजणी आज शेतकरी अर्ज करून मागतो, कारण नोंद नसलेल्या जमिनीला आता कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही.

क्षमता-वर्गवारीचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मानतो. उतारावरची माती खरोखरच वाहून जाते. सातव्या वर्गाचा इशारा खोटा नाही. सातपुड्यातली कितीतरी टेकाडे उघडी पडली आहेत आणि त्यांची माती नर्मदेत आणि तापीत गेली आहे. पण या इशाऱ्यातून दोन अर्थ निघतात. एक असा की, माणसांनी उतार सोडावा. सोडून जायचे कुठे? गुजरातच्या ऊसतोडीला, कामाच्या शोधात सुरतेकडे. दरवर्षी कितीतरी घरे जातातच. दुसरा अर्थ असा की, माणसांनी उतार धरावा आणि माती अडवावी. वेड्यांनी दुसरा अर्थ निवडला आहे. शहाण्यांनी त्यांना हात द्यावा, इतकेच बाकी आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. वनपट्टा मिळालेल्या आदिवासी कुटुंबाला, त्याच्याकडे दुसरी खासगी मालमत्ता नसल्यास, रोजगार हमीत तेव्हाच्या शंभराऐवजी दीडशे दिवसांचे काम देण्याची तरतूद केंद्राने 2014 मध्ये केली. असे जादा दिवस त्याच्याच शेतावर दगडी बांध घालायला, समतल चर खणायला आणि झाडे लावायला वापरता येतात. म्हणजे जे काम तो लाहाच्या रीतीने फुकट करत आला, त्याची मजुरी सरकार देऊ शकते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवारांच्या साथीने नियम घालून घेतले, ओसाड होत चाललेले जंगल राखले, पाणी अडवले आणि त्याच शिवारात शेतीही सुधारली. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनाही सुरुवातीला कोणी शहाणे म्हटले नसेल.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यातले सुमारे 69 टक्के लोक आदिवासी. अशा जिल्ह्यात जमिनीच्या वर्गवारीची चूक हा दप्तराचा तपशील राहत नाही. बियाणे कोणाला मिळेल, कर्ज कोणाला मिळेल, धरणात जमीन बुडालेल्याला मोबदला मिळेल की नाही, हे सगळे त्या एका रकान्यावर ठरते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवाराची वर्गवारी स्वतः करावी: कुठे पेरतो, कुठे चारतो, कुठे महू वेचतो, कुठे देव आहे, कुठे माणसे पुरली आहेत, कुठली माती आम्ही केली आणि कोणत्या वर्षापासून. तलाठ्याने, वनरक्षकाने आणि कृषी सहायकाने त्या पाहणीला बांधावर हजर राहावे आणि तिथे जे दिसेल तेच लिहावे. एका जागेचे तीन वापर दिसले तर तिन्ही लिहावेत. संयुक्त अहवालाच्या कर्त्यांनी पावणेदोन हात खोदून माती पाहिली होती; तेवढी मेहनत त्यांच्या वारसांकडून मागणे जास्त होणार नाही. आणि जिथे कोष्टकातला शेरा आणि शेतातले पीक जुळत नसेल, तिथे खोडायचा तो शेरा. शेतकऱ्याने आपल्या वेडेपणाचा खर्च आधीच भरला आहे, दंडाच्या पावत्यांत आणि पाठीवर वाहिलेल्या दगडांत. आता नोंद दुरुस्त करण्याचा खर्च सरकारने उचलावा.